लामदुआनचा राहिलेला नवस

मून नदीकाठच्या त्या विद्यापीठात आधी मैदान आलं की आधी लामदुआन, यावर पोरं पैजा लावायची. मैदानाच्याही आधी तिथे तिच्या बापाची भातखाचरं होती, हे त्यांना कोण सांगणार? खाचरं बुजवून लाल मातीचा धावमार्ग झाला, मग लाकडी गॅलरी आली, आणि गॅलरीखाली लामदुआनची पपईच्या कोशिंबिरीची गाडी. नवरा थोंगदी मैदानाची निगा राखायचा, शर्यतीआधी चुन्याच्या रेषा मारायचा. कोपऱ्यात खांबावर भूमिदेवाचं बुटकं घर. परीक्षा असो की सामना, पोरं देवापुढे लाल सरबताची बाटली ठेवून नवस बोलायची आणि पावला की मैदानाला फेऱ्या घालून फेडायची.

थोंगदीचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा लामदुआनही बोलली: याला पुन्हा या मैदानावर उभा कर, मी तीन फेऱ्या धावेन.

देवाने केला उभा. थोंगदी काठी टेकत आला आणि वार्षिक स्पर्धेच्या रेषा त्यानेच मारल्या. इतक्या वाकड्या, की धावणारे एकमेकांवर आदळले. सगळ्यात जास्त हसला तोच. त्याच आठवड्यात तो गेला.

नवस तसाच राहिला. फेडायचा म्हणजे मागितलेलं मिळालं असं कबूल करायचं, आणि ते काही तिच्या जिभेवर येईना. वर्षं गेली. गॅलरीच्या फळ्या कुजल्या. पलीकडे पोहण्याचा तलाव बांधला, त्यात बेडूक तेवढे पोहले. शेजारची फळवाली खाम्फान अधूनमधून टोचायची, "नवस बुडवलास, म्हणून गुडघे गेले तुझे."

"माझे नवसाने गेले. तुझे कशाने गेले गं?" म्हणत लामदुआन मिरच्या कुटत राही.

मग नवं स्टेडियम मंजूर झालं. प्रशिक्षक चालेर्म शिट्ट्या फुंकाव्यात तसा तोडून तोडून बोलतो. गाडीपाशी येऊन म्हणाला, "मावशी. उद्या पुरोहित. देव हलणार. मग खोदाई." नवस बोलल्या जागीच फेडावा लागतो, हे त्याने वेगळं सांगितलं नाही. तुझ्याबदली एखादी पोरगी पळेल, देवाला चालतं, असं मात्र सुचवून पाहिलं.

"नवरा माझा, आणि पळणार ती?"

संध्याकाळी ती चपला काढून देवापुढे उभी राहिली. "दिलास," ती म्हणाली. "थोडाच दिलास. पण दिलास."

मग धावली. कमरेत वाकून, बदकासारखी. सराव करणारी पोरं बाजूला झाली; एरवी कुणाचीही नक्कल करणारी, पण एकही हसलं नाही. तिसऱ्या फेरीत ती चालायला लागली, मग आणखी हळू. चालेर्म पाणी घेऊन धावला. दम लागला होताच, पण पाय अडले ते दमाने नव्हे. नवस अंगावर होता तोवर थोंगदीवरून देवाशी रोज भांडता येत होतं. उद्यापासून कुठल्या तोंडाने भांडणार?

रेषेपाशी ती थांबली.

"मावशी. झालंच. एक पाऊल."

"दिसतंय रे मला. तुला कसली घाई?"

चालेर्मने शिट्टी खिशात घातली आणि तिच्या शेजारी उभा राहिला.