चिंच जाते, साबुदाणा येतो

वानकर सरांची आणि माझी पहिली ओळख एका डब्यामुळे झाली. कॉलेजातला भूगोलाचा पहिलाच तास होता. आमचे शहर हिंदी मुलखातले, म्हणून सर वर्गात हिंदीत शिकवत; पण हजेरीत माझे मराठी आडनाव वाचून ते एकदम मराठीत आले. "आज चतुर्थी. डब्यात काय आहे तुह्या?"

"साबुदाण्याची खिचडी, सर."

"साबुदाणा कुठून आला?"

"गोल बाजारातून."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर बस्तरपासून तामिळनाडूतल्या सेलमपर्यंत एक बाण काढून त्यावर 'चिंच' लिहिले. मग त्याखाली उलटा बाण काढून 'साबुदाणा' लिहिले. "चिंच घेऊन गेलेली गाडी रिकामी परतली तर मालक बुडतो. म्हणून येताना ती साबुदाणा भरून आणते. तुहा उपवास त्या परतीच्या फेरीवर चालतो, पोट्टी."

आज मी स्वतः भूगोल शिकवते, चाळिशी उलटली आहे, आणि सरांसाठी अजून पोट्टीच आहे.

बस्तर आणि दक्षिण यांच्यातल्या मालवाहतुकीचा अभ्यास सरांनी आयुष्यभर केला. त्यांचा एक नियम होता. ज्या रस्त्याने आपण स्वतः गेलो नाही, त्याचा बाण नकाशावर शाईने काढायचा नाही. तोवर तो पेन्सिलीने तुटक ठेवायचा. सुट्ट्या लागल्या की सर ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून निघत. रिंग रोडवरच्या ढाब्यावर त्यांना सगळे ओळखत. "गुरुजी, फिर आ गए? इस बार तो लाइसेंस बनवा ही लो," असे मंगल भैया नावाचे ड्रायव्हर त्यांना चिडवत. सर उत्तर देत, "लाइसेंस बन गया तो पढ़ाएगा कौन? तुम?"

माझ्या प्रबंधाच्या वेळी मला त्याच ढाब्यावर ड्रायव्हरांशी बोलायचे होते. एकटीने जायची हिंमत होत नव्हती आणि ते सरांना सांगायची लाज वाटत होती. त्यांनी विचारले नाही. ठरल्या सकाळी ते स्कूटरऐवजी शेजाऱ्यांची गाडी घेऊन आले. मागे त्यांच्या पत्नी सुमनकाकू मटारची पिशवी घेऊन बसलेल्या. मी ड्रायव्हरांशी बोलत होते तोवर काकू गाडीचे दार उघडे ठेवून मटार सोलत बसल्या. सर मुद्दाम लांब उभे राहिले. परतताना मी आभार मानू लागले तर काकू म्हणाल्या, "आभार कायचे? घरी टीव्हीसमोर सोलले असते, इथं तुह्यासमोर सोलले."

इथपर्यंत लिहिताना हात थांबला नाही. पुढचे लिहिताना थांबतो आहे.

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांचा चिंच-साबुदाण्याच्या बाणांचा जुना नकाशा छापायचे आम्ही ठरवले. त्यासाठी मी चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या घरी गेले. सरांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेला फार काळ लोटलेला नव्हता. बोलता बोलता मी सहज विचारले, "सर, वाटेतला घाट टाळणारा नवा रस्ता होतो आहे. गाड्या अजून घाटानेच जातात का?"

सरांनी कप खाली ठेवला. "मले माहीत नाही," ते म्हणाले. मग नकाशावरच्या बाणावर बोट ठेवले. "मग हा बाण छापता येत नाही."

"तुटक छापू, सर."

"पंच्याहत्तरीच्या पुस्तकात तुटक बाण? काहून?"

मी प्रश्न विचारला तो अभ्यासाच्या काळजीने, की संपादक म्हणून माझी चूक निघू नये म्हणून? हे मी स्वतःला रोज विचारते. उत्तर बदलत राहते. सरांनी मात्र स्वतः जाऊन रस्ता पाहायचे ठरवले. डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटले होते. काकू चिडल्या, मी विनवण्या केल्या. सर मंगल भैयांच्या चिंचेच्या गाडीत औषधांचा डबा घेऊन बसले आणि गेले.

वाटेत फोन येत होते. "हव, गोळ्या घेतल्या. तू रडून काहून राहिली?" मग घाट लागला आणि फोन लागेना. त्या दिवशी काकूंनी मला घरी बोलावून घेतले. आम्ही दोघी समोरासमोर बसून राहिलो, कोणी टीव्ही लावला नाही. शेवटी घाटापलीकडून मंगल भैयांचा फोन आला: "दीदी, गुरुजी ठीक हैं। घाट में सोए ही नहीं, हर मोड़ पर गाड़ी गिन रहे थे।"

आता सर सेलमला पोहोचले आहेत. जायचा बाण पक्का झाला. मी म्हटले, "सर, आता रेल्वेने या. तिकीट मी काढते." सर म्हणाले, "आणि परतीचा बाण कोण काढंल? तू?" ते साबुदाण्याच्या गाडीनेच निघणार आहेत. पुन्हा तोच घाट, तोच न लागणारा फोन.

छापखान्याला आम्ही नकाशाचे पान थांबवायला सांगितले आहे. काकूंनी घरातला साबुदाण्याचा डबा धुऊन पालथा घातला आहे. परवा मी किलोभर घेऊन गेले तर त्यांनी पिशवी परत केली. "त्याहीच्या गाडीतला येईल, तोच भिजवीन."

वाचकहो, हा ग्रंथ आपल्या हाती येईल तेव्हा सर समारंभात समोरच्या रांगेत बसलेले असोत, आणि माझी ही काळजी आपल्याला हास्यास्पद वाटो. सरांना दीर्घ आयुष्य आणि उत्तम आरोग्य लाभो, ही प्रार्थना या ग्रंथातला प्रत्येक जण करील. मीही मनापासून करते. फक्त माझे मागणे त्याच्या थोडे अलीकडचे आहे.

सर, आधी घरी या. डबा पालथा आहे.