बारा कळ्यांचा फुगा

निशिकांत माळवदे आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आला, तेव्हा पानावर बसायच्या आधीच त्याने दिलीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगून टाकलं की तुमचा डावीकडचा पडदा बोटभर आखूड आहे. इथे परदेशात, बुओना व्हिस्टाच्या त्या घरात आम्ही चार वर्षं राहत होतो. आम्हाला कधी दिसलं नव्हतं. तो गेल्यावर मी टेप घेऊन मोजलं. बोटभरच निघालं.

तो मूळचा मिरजेचा. वडिलांचं शिंपीकामाचं दुकान. परकर, झबली, शाळांचे गणवेश. हा दुकानात बसून अभ्यास करत भौतिकशास्त्रात पीएच.डी. झाला आणि इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून आला. जवळच क्वीन्सटाउनला एका चिनी आजींच्या जुन्या फ्लॅटमधे खोली घेतली होती. शनिवारी आमच्याकडे जेवायला. काय काम करतोस विचारलं की म्हणायचा, "फुगे करतो, वहिनी." आणि पुढे वाढायला ताट सरकवायचा.

पण खुलून बोलायला लागला की ऐकत राहावं. त्याचा फुगा अडीच मीटरचा. अर्धा भाग पारदर्शक, अर्ध्याला आतून चांदीसारखा मुलामा. ऊन एकीकडून आत शिरतं, चकचकीत बाजूवर आपटून एका जागी गोळा होतं आणि तिथे टांगलेल्या तळहाताएवढ्या सोलर सेलवर पडतं. महागडे सेल गच्चीभर पसरण्यापेक्षा स्वस्त प्लॅस्टिकने ऊन गोळा करायचं आणि एका सेलमधून वीज काढायची, असा हिशेब. आता सपाट प्लॅस्टिकचा गोल फुगा करायचा तर संत्र्याच्या फोडींसारखे तुकडे कापून जोडावे लागतात. निशिकांत त्यांना कळ्याच म्हणायचा, परकराला असतात तशा. फुग्याला बारा कळ्या.

२०१४च्या मार्चअखेर त्याचा करार संपत होता. त्याआधी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, विद्यापीठाच्या गच्चीवर चाचणी ठरली. नऊ ते तीन फुग्याने हवा आणि आकार धरायचा आणि ठरलेली वीज द्यायची. दिली तर आणखी दोन वर्षं. त्याची बायको अनघा मिरजेत शाळेत शिकवायची. चार वर्षांच्या मुलीला घेऊन ती इकडे यायची तर नोकरी सोडावी लागणार, महिनाभर आधी कळवून. राजीनामा लिहून तयार होता, तारीख तेवढी घालायची बाकी होती. निशिकांत "दे" म्हणत नव्हता, आणि तीही विचारत नव्हती.

चाचणीच्या आधीच्या शनिवारी तो सकाळीच आला. हातात प्लॅस्टिकची लांब गुंडाळी. चहा ठेवला तर नको म्हणाला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. कळ्या एका वर्कशॉपमधून मशीनवर कापून आल्या होत्या, त्याने पाठवलेल्या रेघेवर अगदी काटेकोर. आणि ती रेघ शिवणीची होती.

"कापणाऱ्याने माया सोडायची असते ना," तो म्हणाला.

दिलीपने आयुष्यात सुईत दोरा ओवलेला नाही. तो पेपरातून मान वर न करता म्हणाला, "ओळख ना पाळख, ते तुझ्यावर माया कशाला करतील?"

शिवणीपलीकडे जास्तीचं कापड ठेवतात ती माया, हे मी त्याला समजावलं. निशिकांतला हसू आलं, पण जरा उशिरा. मग तो शांतपणे म्हणाला, "त्यांची चूक नाही. मिरजेत हे कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून मी कागदावर लिहिलंच नाही."

आता काठावर काठ चढवून जोडलं तर प्रत्येक कळी अरुंद होणार, फुगा लहान होणार आणि ऊन सेलवर न पडता अलीकडेच गोळा होणार. नवीन प्लॅस्टिक यायला सहा आठवडे. त्याने एक कळी आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरली, काठावरून बोट फिरवलं, आणि थोड्या वेळाने चहा मागितला.

"काठाला काठ भिडवायचा आणि वरून पट्टी मारायची," तो म्हणाला. "कापून उरलेलं प्लॅस्टिक आहे माझ्याकडे. वहिनी, तुमची इस्त्री आणि केकखाली घालतात तो कागद द्या. आणि एवढी मोठी जमीन हवी."

मी आमच्या काँडोची, म्हणजे सोसायटीची, फंक्शन रूम दोन दिवसांसाठी घेतली. अर्जावर कारण लिहिलं, फुग्याचं काम. गार्डने हसून विचारलं, मुलाला कितवं लागलं? मी म्हटलं, छत्तीसावं.

ते दोन दिवस निशिकांतला बघायला हवं होतं. अनवाणी, एक गुडघा वर घेऊन बसलेला, पायाच्या अंगठ्यात पट्टीचं टोक धरून ती ताणलेली, कागदावरून मंद इस्त्री पुढे सरकतेय. हे बसणं विद्यापीठातलं नव्हतं. माझी जाई तेरा वर्षांची, ती दारात उभी राहून बघत होती. इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, दिस वन नॉट सायन्स. टेलरिंग लाह."

"दोन्ही," तो म्हणाला, आणि तिला पुढची पट्टी कापायला लावली.

रविवारी दुपारी फुगा भरला. जिथे बारा टोकं एकत्र येतात तिथून बारीक शिट्टी ऐकू आली. त्याने गाल लावून जागा शोधली आणि तिथे गोल ठिगळ दिलं. शिट्टी बंद झाली.

मंगळवारचं त्याने आम्हाला संध्याकाळी येऊन सांगितलं. अकरापासून बारा वाजेपर्यंत ढग होते, वीज जवळजवळ शून्यावर आली. पण फुगा टम्म. मग ऊन आलं आणि तीनला वीस मिनिटं कमी असताना ठरलेला आकडा पुरा झाला. त्याच्या प्रोफेसरबाईंनी फुग्याभोवती फेरी मारली आणि पट्ट्यांवर बोट ठेवून विचारलं, कापणाऱ्यांनी घोटाळा केला का? तो म्हणाला, नाही, माझ्या ड्रॉइंगमधे चूक होती. पट्ट्यांच्या सावलीत थोडं ऊन वाया जातंय, पुढचा फुगा पट्ट्यांशिवाय करीन, आणखी वीज मिळेल. किती दिवस लागतील, बाईंनी विचारलं. दोन महिने. बाई म्हणाल्या, करार तर मार्चला संपतो.

"मी म्हटलं, म्हणूनच आत्ता सांगतोय," निशिकांत म्हणाला. "त्यांनी तिथेच उभ्याउभ्या ऑफिसला फोन लावला. दोन वर्षांचा कागद उद्या सहीला येतोय."

दिलीपने त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. मी पानं घेतली. निशिकांतने मात्र आधी गॅलरीत जाऊन मिरजेला फोन लावला. पलीकडून अनघा बराच वेळ काहीतरी सांगत होती, हा नुसता हं, हं करत होता. मग दार उघडंच होतं म्हणून आम्हाला ऐकू आलं.

"आजचीच तारीख घाल," तो म्हणाला.