फुलंब्रीहून दशपर्णी आणताना

गच्चीवर पिंपात लावलेल्या लिंबोणीला पिठ्या ढेकूण लागला, म्हणून मला फुलंब्रीला निघावं लागलं. दोन दुष्काळ हिनं ते झाड तांदूळ धुतलेल्या पाण्यावर जगवलंय. "विषारी औषध आणलंत तर पहिला फवारा तुमच्यावर!" असं बजावून तिनं मला दशपर्णी अर्क आणायला आपल्या भावाच्या शेतावर पिटाळलं.

सिल्लोडची कुठलीही एसटी चालते, तासाभरात फुलंब्री. हर्सूल ओलांडलं तरी शहर काही संपत नाही. उजाड माळावर 'निसर्गाच्या कुशीत प्लॉट' असे फलक आहेत. स्टँडसमोरची भजी जातानाच खा, येताना कुणी जवळ उभं करणार नाही.

मेहुण्यानं, बापूनं, पिंपाचं फडकं काढलं. दहा झाडांचा पाला, शेण आणि गोमूत्र महिनाभर आंबलेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या शिवारात यंदा तेवढंच आलं असावं.

"मोसंबी वाळली, कीड उपाशी मेली. अर्क तेवढा ऱ्हायला," बापू म्हणाला. "दोन झाडं हिरवी हायेत, बस्स. न्या दाजी. झाकण घट्ट लावू नका, लई फुगतंय. अन् तांब्याला बादलीभर पाणी घाला, नायतर झाड जळंल."

परतीच्या बसमध्ये माझ्या पायाशी अर्काचा उघडा कॅन पाहून कंडक्टर ओरडला, "काका, झाकण लावा, नायतर उतरा!" लावलं. चौक्याच्या घाटात कॅन फुगू लागला.

"बाबा, तुझं पाणी फुगायलंय," शेजारची आजी म्हणाली.

हर्सूलच्या अलीकडे झाकण उडालं. बस थांबली आणि ड्रायव्हरसकट सगळे खाली उतरले. मी एकटा आत, कॅनच्या तोंडावर तळहात दाबून.

"आता तुम्ही उतरा," कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "म्हंजी आमाला चढता येईल."

तिथून जटवाडा रोडवरची आमची सोसायटी पायी गाठली. रिक्षावाले जवळ येऊन वेग वाढवत होते.

घरी टँकर आलाच नव्हता, अर्कात घालायला पाणी कुठलं? कॅन गच्चीवर ठेवला. वास जिना उतरला. पाण्याच्या टाकीला कुलूप लावणाऱ्या वरच्या काकू धावत आल्या.

"फेकून द्या ते!"

"कुठे? सोसायटीची गटार अजून व्हायचीय."

काकू गेल्या आणि भरलेली बादली घेऊन आल्या. "घ्या, पण आजच संपवा!" मागोमाग सगळा जिना बादल्या घेऊन उभा. हिनं नाकाला पदर लावून आधी लिंबोणी फवारली, मग प्रत्येकाच्या कुंड्या.

चपलांचा वास अजून गेलेला नाही. लिंबोणीला मात्र पालवी फुटली. मला इतका आनंद झाला की लगेच बापूला फोन लावला.

"व्हय? अन् पाणी कुठून आणलं?" त्यानं पहिलं तेच विचारलं.

"वासानं आलं."

तो हसला. "मंग हे पिंप टँकरवाल्या सायबाच्या खिडकीखाली उघडून ठेवतो. दोन झाडं हायेत अजून."