दोन जावांची मधली भिंत

गोजराबाईने धाकट्या जावेच्या भिंतीत करणी केली, अशी बातमी दिवाळी उलटल्यावर भुकूमच्या आमच्या आळीत फिरत होती. बातमीला पुरावाही होता. भर दुपारी सगळं सामसूम असताना ही बाई भिंतीला कान लावून उभी होती, बोटांच्या पेरांनी टकटक करत होती, तोंडाने काहीतरी पुटपुटत होती आणि मधेच भिंतीवर पांढरी फुली मारत होती. बघणारीने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. पलीकडे त्या जावेच्या, कल्पनाच्या, स्वयंपाकघराला घाम फुटला तो त्यामुळेच, नाहीतर पाऊस कधीचा गेलेला, ऊन चांगलं कडकडीत, भिंत ओली व्हायचं कारणच काय?

आता खरं सांगून टाकू. गोजराबाई गिलावा कुठे सुटलाय ते ऐकत होती. घट्ट गिलावा ठणठणीत वाजतो, सुटलेला रिकाम्या डब्यासारखा. डबा वाजला की तिथे खडूने फुली. पुटपुटत होती ते मंत्र नव्हते, शिव्या होत्या, आणि त्या कुणाला होत्या ते कळेलच. शिवाय घाम आधी फुटला होता, फुली नंतर पडली होती. पण आळीत एवढा उलटसुलट हिशेब कोण विचारतो!

या दोघी सख्ख्या जावा. सासऱ्याचं घर वाटून घेतलं तेव्हा थोरल्या गेणबाच्या, म्हणजे गोजराबाईच्या नवऱ्याच्या वाट्याला जुना पत्र्याचा भाग आला आणि धाकट्या कैलासला, कल्पनाच्या नवऱ्याला, नव्या स्लॅबचा. स्लॅबवरची पाण्याची टाकी दोघांची आणि मधली भिंतही दोघांची. भावकीने त्याच वेळी बजावलं होतं, या भिंतीला कुणी साधा खिळा ठोकायचा असला तरी आधी दुसऱ्या घरी जाऊन सांगायचं. तेव्हापासून मधली भिंत म्हणजे सोवळ्यातली बाई. दोन्हीकडून तिला सगळे जपून असत.

स्लॅबखाली राहणाऱ्या कल्पनाला खरं तर कशाचं काही कमी नव्हतं. कैलास हिंजवडीच्या कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, मुलगा स्वानंद नोकरीला, फरशी गुळगुळीत, स्वयंपाकघरात चिमणी. तरी तिचं चित्त मात्र पत्र्याखाली. कारण आळीतल्या बाया सकाळी पाणी भरून झालं की गोजराबाईच्या ओट्यावर बसत. कुणाचा नळ ठिबकतोय, कुणाचं संडासाचं दार घासतंय, विचार गोजराबाईला. आणि ती सांगणार, ते असं तोंडावर फेकून. पावसात फुगलेल्या दाराला रंधा मारू नका, उन्हाळ्यात बोटभर फट पडंल. तोवर घासतंय तिथं मेणबत्ती चोळा. नळ ठिबकतोय म्हणून पिळत बसू नका, आतलं वायसर गेलंय, ते दहा मिन्टांचं काम हाय. पत्र्याच्या स्क्रूखालून गळतंय तर स्क्रू आवळू नका, डांबराची पट्टी चिकटवा. तिचा नवरा गेणबा लवळ्याच्या कॉलेजात रात्रपाळीचा वॉचमन. तो दिवसभर घोरत असे आणि त्याच्या उशाशी बायको हातोडी चालवत असे. त्याची झोप मोडल्याचं आळीला माहीत नाही.

कल्पनाला हे सगळं भिंतीपलीकडून ऐकू येई. ‘नळाचं वायसर ते काय, त्यात एवढं ऐकण्यासारखं काय?’ असं ती स्वतःशी म्हणे आणि कान मात्र तिकडेच ठेवी.

त्यात गोजराबाईने जुन्या दाराची फळी घासूनपुसून स्वयंपाकघरात लावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, वर पितळी डबे ओळीने. अख्खी आळी बघून गेली. कल्पनाही गेली, “बरीच म्हणायची” एवढं बोलून आली आणि त्याच आठवड्यात पुण्याहून काचेच्या दारांचं कपाट घेऊन आली. कपाट लावायला जागा कुठली, तर मधली भिंत. म्हणजे थोरलीला जाऊन सांगणं आलं, थोरलीने येऊन भिंत बघणं आलं, आणि मग आळीत काय होणार? कपाट कल्पनाचं, पण लावलं गोजराबाईनं!

ते नको म्हणून कल्पनाने साहिलच्या हार्डवेअरच्या दुकानातून ड्रिल मशीन मागून आणलं. गोजराबाई पौडच्या बाजाराला गेल्याचं बघितलं आणि कैलास कामावर असताना स्वतःच भिंतीला भिडली. पहिली तीन भोकं झकास पडली, विटेचा लाल कोरडा भुगा खाली सांडला. चौथ्या भोकातून मात्र भुगा आला तो ओला, चिखलासारखा, आणि मागोमाग थोडं पाणीही. कल्पना थबकली. क्षणभर तिला वाटलं, जाऊबाईंना विचारावं. पण लगेच तो ओटा डोळ्यांसमोर आला आणि ओट्यावर हसणाऱ्या बाया दिसल्या. जुनी भिंत आहे, जुनी ओल असेल, असं म्हणून तिने भोकात स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू मनापासून आवळला, आणि पाणी थांबलं. कपाट दिमाखात टांगलं गेलं.

पण त्या भिंतीतूनच टाकीचं पाणी गोजराबाईच्या मोरीकडे जात होतं. पाइप कुठून कुठे वळतो ते वाटणीच्या वेळी मिस्त्रीजवळ उभं राहून बघितलं होतं फक्त गोजराबाईने. भावकीने ‘आधी सांगा’ म्हटलं होतं ते उगाच नव्हतं. आता पाइपात स्क्रू बसला होता आणि त्याच्या कडेने थेंब थेंब झिरपत होतं.

आठ-दहा दिवसांत कपाटाखाली हातभर डाग उमटला, मग खार फुटला. आणि याच वेळी नांद्याहून निरोप आला की स्वानंदसाठी बघितलेल्या आरोहीच्या घरचे रविवारी घर बघायला येतायत. कल्पनाचा जीव टांगणीला लागला. मुलगी तिच्या मनात भरली होती, असं स्थळ पुन्हा मिळणार नाही हे ती जाणून होती. तिने रंगारी बोलावला, ओल दाबणारा म्हणून महागातला रंग दोनदा मारून घेतला. दुसऱ्याच दिवशी रंगाला तळलेल्या पापडासारखे फोड आले. बायांनी विचारलं तर काहीतरी सांगायला हवं म्हणून कल्पना म्हणाली, “आमच्याकडनं काई न्हाई, थोरलीच्या अंगानं येतंय ते. तिनंच काय केलंय तिला ठावं.”

तिला म्हणायचं होतं मोरीचं पाणी. आळीने ऐकलं ते करणी. त्यात दुपारची ती टकटक मिळाली, आणि बातमी चालत चालत नांद्यापर्यंत पोचली. शुक्रवारी मध्यस्थाचा फोन आला. मुलीची आई विचारतेय, तुमच्या घरात भावकीतलं काही करणीबिरणीचं आहे का, असलं तर आत्ताच सांगा, आम्ही येत नाही.

कल्पनाने फोन ठेवला. निघाली ती थेट थोरलीच्या दारात. पायरीवर उभी राहून तिने ड्रिल मशीन, ओला भुगा, रंगारी, सगळं एका दमात सांगितलं. करणीचं तेवढं गिळलं. गोजराबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

“माज्या नळाची धार करंगळीएवढी झाली तवाच म्या वळखलं,” ती म्हणाली. “रोज भिंतीला कान लावून तुला शिव्या देतीया. कधी येतीस त्याचीच वाट बघत व्हते.”

हत्यारांची पिशवी घेऊन ती आली. आधी स्लॅबवर चढून टाकीचा कॉक बंद केला, मग कपाट उतरवलं. कल्पना मदतीला म्हणून पुढे झाली आणि स्क्रू तिनेच काढला. पाइपात उरलेलं पाणी पिचकारीसारखं तिच्या तोंडावर आलं. गोजराबाई हसली नाही. नुसतं बघत राहिली, ते जास्त लागलं. मग तिने छिन्नीने ताटाएवढा गिलावा उडवला, फुटका पाइप कापून जोड बसवला आणि कॉक उघडून जोडापाशी कोरडा कागद धरून पाहिला. कागद कोरडाच राहिला.

“आता हे बुजवा की लगेच,” कल्पना म्हणाली.

“ओल्यावर सिमेंट मारलं की वल आत कोंडती, पुन्हा फोड येत्याल. उघडं ऱ्हाऊ दे हे.”

“परवा पावणं येणार हायेत, जाऊबाई.”

“येऊ देत. भिंतीला म्हाईत हाय का पावणं कोण ते?”

कल्पनाने त्यावर कॅलेंडर लावलं, गोजराबाईने येता-जाता काढलं. कल्पनाने पुन्हा लावलं, तिने पुन्हा काढलं. रविवारी पाहुणे पोहे खायला बसले तेव्हा भगदाड सगळ्यांच्या समोर आ वासून होतं.

आरोहीच्या आईने पोह्यांना हात लावला नाही. तिची नजर तिकडेच. शेवटी तिने विचारलंच, लोक म्हणतात ती भिंत हीच का. तेवढ्यात गोजराबाई नेहमीप्रमाणे भिंत सुकली का ते बघायला आत आली, भिंतीवर तळवा ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “हीच. या, आत डोकावून बघा काय पुरलंय ते. पायप हाय.”

आरोहीची आई उठली, वाकून बघितलं, बोट घालून बघितलं. मग हसली. मग घरातले सगळे हसले, कैलास सगळ्यात मोठ्याने, कारण त्याला हसायचं कशाला ते कळलं नव्हतं.

“भोक कसं पडलं हो?” आरोहीने विचारलं.

कल्पनाने डोळे मिटले. आता सगळं बाहेर येणार.

“तुजी सासू ड्रिल चालवती,” गोजराबाई म्हणाली. “एकटीनं कपाट लावत व्हती. पायप आडवा आला, त्यात तिचा काय दोष?”

पोरीने कल्पनाकडे असं काही कौतुकाने बघितलं की कल्पनाला पदर सावरायचंही सुचेना. मलाही शिकवा म्हणाली. पोहे संपले, चहा झाला, तारीख कधीची धरायची यावर बोलणं आलं.

इथवर कल्पनाला ताई, बहीण, देवी, सगळं काही गोजराबाईच वाटत होती. पण मग आरोहीच्या आईला आपल्या न्हाणीघरातली ओल आठवली. ती त्याबद्दल विचारत गोजराबाईबरोबर पलीकडे गेली, तिची फळीही बघायला. मागोमाग आरोही गेली. मग स्वानंदही गेला. कल्पना रिकाम्या कपबशा गोळा करत राहिली आणि भिंतीच्या भोकातून तिला तिकडचं हसणं स्पष्ट ऐकू येऊ लागलं. आता तर गिलावाही मधे नव्हता.

पाहुणे गेले तशी ती तरातरा ओट्यावर आली. डोळ्यांत पाणी होतं, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

“पावणं माज्या घरी आलं व्हतं का तुमच्या?” ती म्हणाली. “मी जळते तुमच्यावर, माजं मला कळतंय. बाया तुमच्याकडं, पावणं तुमच्याकडं, माजं पोरबी तुमच्याकडं. हे सगळं तुमाला शिकवलं तरी कुणी?”

गोजराबाईने स्लॅबकडे बघितलं, मग आपल्या पत्र्याकडे बघितलं, आणि म्हणाली, “तूच की. वाटणीला तुला कोरडं घर आलं आन् मला गळकं. रोज रातीला टोपली-भांडी मांडताना तुज्या स्लॅबवर जळत व्हते म्हणून तर हातोडी धरली. तुज्यावर जळले नसते, कल्पने, तर मला साधा खिळाबी ठोकता आला नसता.”