तिसरा रकाना

माझ्या पत्नीला हे ठाऊक नाही. ज्या शिक्षकांना मी आजवर मार्गदर्शन केले, त्यांच्यापैकीही कोणाला नाही. तुम्हाला सांगतो आहे – आणि क्रमाने सांगतो, कारण क्रम सोडला की मी स्वतःला वाचवू लागतो.

हदगावजवळच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, मी आणि रेहाना मॅडम सात वर्षे एकत्र होतो. त्या माझ्याहून वयाने थोड्या लहान. पण वर्गात – कसे सांगू? मी धडा पूर्ण करत असे. त्या शिकवू लागल्या की व्हरांड्यातून जाणारा माणूसही थांबत असे. कापूस वेचणीच्या दिवसांत मोठ्या मुली शाळेत येईनाशा होत. मी हजेरीपटावर गैरहजेरी मांडून मोकळा होई. मॅडम मात्र शाळा सुटल्यावर शेतात जात आणि वेचणाऱ्या मुलींच्या बरोबरीने चालत पाढे घेत. दुरून पाहिले की माणसे दिसतच नसत. पांढऱ्या शेतावर नुसते आवाज तरंगत. हे मी खरेच पाहिले होते ना? आता वाटते, झोपेत पाहिले असावे.

“शाळेच्या सुट्ट्या कोण ठरवतंय, सर?” त्या एकदा म्हणाल्या होत्या. “पुण्यात बसून त्यांला कापूस दिसतो काय?”

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच त्यांना पुढे शिकायचे होते. नांदेडच्या एका प्रशिक्षणात त्यांच्या हाती एका विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली – इंग्रजीतली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही गोदावरीच्या घाटावर जाऊन बसलो. हिवाळ्यातली दुपार. पाणी वाहते आहे की थांबले आहे, हे कळू नये असे ऊन. पलीकडचा काठ धुरकट, जवळजवळ नसल्यासारखा.

“तुमीच वाचून सांगा सर. माझं इंग्रजी म्हंजे अल्ला मालिक हाय.”

मी वहीच्या पानावर पट्टीने तीन रकाने आखले. पहिल्यात एम.एड. – अध्यापक महाविद्यालयात शिकवायचे असेल तर. दुसऱ्यात शिक्षणशास्त्रातील एम.ए. – शिकणे म्हणजे काय, शिक्षण कशासाठी, याचा सैद्धांतिक विचार. तिसऱ्यात शैक्षणिक नेतृत्व आणि धोरण – शाळा कशी चालवावी, आणि शाळांविषयीचे निर्णय कोण, कशाच्या आधारे घेतो. त्यांचे बोट तिसऱ्या रकान्यावर येऊन थांबले.

“हेच. हेच पायजे मला.”

पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते की, सेवेतील शिक्षकांना नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम करता येतो. वर्ग केवळ सुट्ट्यांमध्ये भरतात. ते वाक्य मी दोनदा वाचले. मग तिसऱ्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात, लिहिले – नोकरीचा राजीनामा आवश्यक.

का? राग नव्हता. भांडण तर कधीच नव्हते. पाण्याकडे पाहताना एक चित्र दिसले – रेहाना मॅडम अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसल्या आहेत, आणि मी माझी टाचणवही घेऊन तपासणीसाठी त्यांच्यासमोर उभा आहे. एवढेच. एवढ्याशा चित्रासाठी? होय.

त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. घर त्यांच्या पगारावर चालत होते. हे मला माहीत होते. माहीत होते म्हणूनच मी तेच वाक्य निवडले. त्यांनी तो रकाना पुन्हा एकदा वाचला. मग पान नीट घडी घालून पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, “बरं झालं तुमी होते. न्हाई तर मी फार्म भरून फसले असते.”

पुढे माझी लातूरला बदली झाली, आणि तो अभ्यासक्रम मी केला. नोकरी सांभाळून, सुट्ट्यांमध्ये. प्रबंधाचा विषय – वेचणीच्या हंगामानुसार शालेय सुट्ट्यांची आखणी. प्रश्न मुळात कोणाचा होता, हे मी ऋणनिर्देशात लिहिले नाही.

गेल्या वर्षी लातूरच्या प्रशिक्षणात मी व्याख्याता होतो. ओळख करून देताना, नोकरीत राहून मिळवलेली माझी ती पदवीही सांगितली गेली. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. केस पांढरे झालेले. माझे शब्द खोलीत कुठेतरी उंचावर फिरत होते आणि मला ते ओळखू येत नव्हते. चहाच्या वेळी त्या जवळ आल्या.

“सर, नोकरी न सोडता कसं काय केलं हो तुमी?”

“नियम बदलला नंतर,” मी म्हणालो.

त्या हसल्या. “बघा. आपल्या मागंच बदलतेत हे नियम. आता मला तर काय, वयबी गेलं.”

नियम कधीच बदलला नव्हता. वयाची अट तेव्हाही नव्हती, आजही नाही. मी कपातली साखर ढवळत राहिलो – ती केव्हाच विरघळली होती. त्यांनी रिकामा कप खिडकीत ठेवला, पदर सावरला आणि नांदेडची गाडी किती वाजता आहे, ते विचारले. ती वेळ मी त्यांना अचूक सांगितली.