तुन्हं म्हननं काय शे?

विधी महाविद्यालयातल्या पहिल्याच तासाला मी उशिरा पोहोचले. दारात माफीचं वाक्य जुळवत होते, तोच फळ्याजवळून प्रश्न आला, "माफी राहू दे. तुन्हं म्हननं काय शे?"

वर्ग खो खो हसला. नाशिक शहरात वाढलेल्या मला ती अहिराणी उमगायला, माझं म्हणणं काय आहे असं विचारताहेत हे कळायला, एक क्षण लागला. "बस द्वारका चौकात अडकली, मॅडम."

"द्वारका दोषी, तू निर्दोष. बस खाली." मग बागूल मॅडम वर्गाकडे वळल्या. "हसलात ते बरं झालं, आता विसरणार नाही. ज्याला शिक्षा करायची, त्याचं म्हणणं आधी ऐकायचं. सरकारनेही आणि मीही. संविधानाचा निम्मा पेपर इथेच संपला."

नामपूरच्या कांदाबाजारात वडिलांबरोबर वावरल्यामुळे त्यांचा आवाज लिलावाच्या पट्टीतला होता. माइक त्यांना कधी लागला नाही. त्यांच्या 'शे'वर शिक्षककक्षात कोणी कोपरखळी मारली, की त्या म्हणत, "लॅटिन फेकलं की विद्वान आणि अहिराणी बोललं की गावंढळ? त्या दोघींतली लॅटिन मेली. अहिराणी जित्ती शे."

मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन आले होते. पुरावा पूर्ण असेल तर सुनावणी म्हणजे केवळ वेळेचा अपव्यय, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी वर्गात मांडलंही. त्या रागावल्या नाहीत. "प्रयोगशाळेत क्षार निळा दिसला, की तांबं आहे हे तुला कळायचं. तरी परीक्षक सगळ्या चाचण्या करायला लावायचेच ना? उत्तर दिसतंय म्हणून प्रात्यक्षिक गाळता येत नाही, पोरी."

हे मला पटलं नव्हतं. पटलं ते नसरीनच्या प्रकरणात.

नसरीन मालेगावची, यंत्रमाग कामगाराची मुलगी. महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेत तिच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. ती पकडली खुद्द बागूल मॅडमनी. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर निर्णय लागला: नसरीनचं नाव कमी करण्यात आलं आहे. घरी परतली असती, तर तिचं शिक्षण तिथेच संपलं असतं. वडिलांनी तिला एवढ्याच बोलीवर नाशिकला धाडलं होतं, की तक्रार येता कामा नये.

मॅडम तडक प्राचार्यांच्या दालनात गेल्या. लिलावाचा आवाज बाहेर व्हरांड्यात आम्हाला सहज ऐकू येत होता.

"अहो, तुम्हीच पकडलीत ना तिला?" प्राचार्यांनी विचारलं.

"पकडली मी. ऐकलं कोणी?"

"यात ऐकायचं काय उरलंय?"

"ते ऐकल्याशिवाय कसं कळणार, सर? तोवर तो कागद फलकावरून उतरवा. नाहीतर उद्यापासून संविधान तुम्ही शिकवा. मला हे शिकवून ते पाहणं जमायचं नाही."

कागद उतरला. समिती बसली आणि वर्गप्रतिनिधी म्हणून मीही हजर होते. नसरीन म्हणाली, "चिठ्ठी मेरीच थी, सर. डर के मारे रखी थी. लेकिन खोली नहीं."

सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. "खरं आहे," त्या म्हणाल्या, "माझ्या हाती आली तेव्हा चिठ्ठीची घडी तशीच होती. मला ते कुणी विचारलं नाही आणि मलाही ते महत्त्वाचं वाटलं नाही." तो एक पेपर रद्द झाला. नाव राहिलं. चिठ्ठी पाहूनच निकाल लावणाऱ्या माझी मात्र एक चाचणी राहून गेली होती, हे मी मनाशी नोंदवलं.

पुढच्या वर्षी प्राचार्यांनी मॅडमकडून संविधान काढून घेतलं आणि जमीन महसूल कायदा दिला. कारण सांगितलं नाही. मी संतापून त्यांच्यापुढे उभी राहिले. "मॅडम, हा उघड सूड आहे! आम्ही तासावर बहिष्कार घालतो."

"सूड आहे हे कशावरून? त्यांना विचारलंस?"

"विचारायचं काय उरलंय?" बोलून गेले आणि जीभ चावली.

त्या मिस्कील हसल्या. "जा. विचारून ये."

मी गेले. "सर, बागूल मॅडमचा विषय बदललात. त्याबद्दल आपलं म्हणणं काय आहे?"

प्राचार्यांनी चष्मा काढला. "तू मला जाब विचारतेस?"

"नाही, सर. आम्ही तुमच्याविषयी मत बनवून बसलो आहोत. ते पक्कं करण्याआधी सुनावणी देते आहे."

"बाहेर हो!"

"होते. पण तुमचं म्हणणं ऐकून." आणि परवानगी न विचारता मी समोरची खुर्ची ओढून बसले.

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि समोरची फाईल उघडली. विषय मॅडमना परत मिळाला नाही. नसरीन आज मालेगावच्या न्यायालयात वकिली करते. मीही वकील झाले. ज्या ज्या समितीपुढे उभी राहते, तिथे कोणीतरी घड्याळ पाहत म्हणतंच, "सगळं स्पष्टच आहे, मॅडम, आता बसा."

मी बसत नाही. माझ्या अशिलाचं म्हणणं अजून व्हायचं असतं.