कंदील आणि कोंबडी

आमच्या जनवाडा गावाकडं ज्वारी पेवात ठेवत. पेव म्हणजे अंगणात खणलेला खोल खड्डा, तोंड अरुंद नि पोट मोठं. ज्वारी आत कोंडून राहिली की तिथली हवा जीवघेणी होते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पेव उघडल्यावर अर्धा दिवस तसंच सोडायचं आणि मग हवा पारखायची. आमच्या आळीत कंदील सोडत. विझला तर उतरायचं नाही. पलीकडच्या आळीत कोंबडी सोडत. खरा कंदील की खरी कोंबडी, यावर बाप्ये पारावर तासन्‌तास भांडत. आमचं घर लिंगायताचं. कोंबडीचं पीस अंगणात उडून आलं तरी सासूबाई सडा घालायच्या.

पोलीस अ‍ॅक्शननंतरची गोष्ट. लेव्हीची, म्हणजे सरकारला सक्तीनं द्यायच्या धान्याची गाडी दारात उभी राहिली आणि कारकुनानं घाई लावली. नुकत्याच उघडलेल्या पेवात लगेच उतरायचं ठरलं. उतरणार माझे मालक. माझ्या हातावरचा चुडा अजून नवाच होता.

सासऱ्यांनी कंदील सोडला. विझला. लावून पुन्हा सोडला, पुन्हा विझला. खरं तर इथंच थांबायचं. पण रॉकेल रेशनचं, त्यात पाणी. आमचा कंदील ओसरीवरसुद्धा मध्येच मान टाकायचा.

"राकेलच खोटं हाय," सासरे म्हणाले.

गाडीवान पलीकडच्या आळीचा. त्यानं टोपलीतून कोंबडी आणली. टोपली खाली गेली आणि लगेच वर आली. कोंबडी फडफडत बाहेर पडून सांडलेले दाणे टिपू लागली. ज्या घराला कोंबडीचा विटाळ, त्या घरानं त्या दिवशी कोंबडीवर भरवसा टाकला. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

मी सासूबाईंना म्हणाले, "अत्या, कंदील दोनदा इझलाय. कामून उतरायलेत?"

"कोंबडी जित्ती हाय न्हवं? गप ऱ्हा."

ते उतरले. खाली पोचल्यावर कमरेची दोरी सोडून पाटीला बांधली. वरून धाकटे दीर हाका मारत होते. आतल्यानं ओ देत राहायचं, अशी रीत. "अण्णा!" "ओ!" उभे होते तोवर ओ येत होती. पाटी भरायला वाकले आणि ओ थांबली. जड हवा तळाशी साचते, आणि टोपली तर तळाला नीट टेकलीही नव्हती.

दीर धोतर खोचून धावले. सासरे पेवाच्या तोंडाशी आडवे पडले. "एक गेला. दुसऱ्याला न्हाई जाऊ देनार."

मग लिंबाच्या फांद्या दोरीनं खालीवर केल्या, हवा हलावी म्हणून. आणि कंदील सोडला. तोच कंदील, तेच रॉकेल. विझला की वर ओढत, लावत, पुन्हा सोडत. आता कुणी रॉकेलला बोल लावला नाही. मी तोंडाशी बसून होते. ते आत अजून श्वास घेत असतील अशी वेडी आशा होती, आणि विझणाऱ्या प्रत्येक वातीबरोबर माझा जीव तुटत होता.

गुरं घरी परतली तेव्हा कंदील तळापर्यंत जळत राहिला. त्या उजेडात ते दिसले, पाटीवर पालथे.

सासरे उठून बाजूला झाले. दिराला म्हणाले, "उतर आता. हवा चांगली हाय."